आंतरधर्मीय विवाह : लग्नाआधी काय ठरवले होते आणि काय ठरवायचे राहून गेले?

मोगरावेल

नमस्कार. येथे बरीच वर्षे वाचत आले आहे, लिहिते मात्र पहिल्यांदाच. येत्या डिसेंबरात माझे लग्न आहे. मी पुण्याची, घरी देवघर, गौरी-गणपती, आईचे मार्गशीर्षातले गुरुवार असे सारे रीतीने होते. होणारा नवरा वसईचा, कॅथलिक, घरी सामवेदी बोली बोलणारा आणि रविवारची मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) सहसा न चुकवणारा. दोघांनीही धर्म बदलायचा नाही हे आम्ही फार पूर्वीच ठरवले. दोन्ही घरांतला विरोध आता ओसरला आहे, त्यामुळे ‘पुन्हा विचार कर’ आणि ‘कोणाचे ऐकू नकोस’ हे दोन्ही सल्ले कृपया देऊ नयेत.

सणांची वाटणी सोपी गेली. गणपती पुण्यात, नाताळ वसईत, दिवाळी जेथे असू तेथे. अडले ते भलतीकडेच. गेल्या महिन्यात आम्ही त्याच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) फादरांना भेटलो. ते सौजन्याने बोलले, चहा दिला, माझ्या नोकरीची चौकशी केली आणि मग म्हणाले की लग्न चर्चमध्ये हवे असेल तर बिशपांची परवानगी काढावी लागेल, आणि त्या अर्जासोबत मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्याचे वचन असते. तेथून वसई रोड स्थानकापर्यंत रिक्षात आम्ही दोघे एक शब्दही बोललो नाही. त्याच्या आईचा जीव चर्चमधल्या लग्नात अडकला आहे, आणि मला न जन्मलेल्या मुलाच्या वतीने काही लिहून देणे जमत नाही.

ज्यांची अशी लग्ने होऊन दहा-वीस वर्षे झाली आहेत त्यांना विचारायचे आहे : तुम्ही आधी काय ठरवले होते, काय ‘पुढचे पुढे’ म्हणून सोडून दिले, आणि सोडून दिलेल्यापैकी काय पुढे अंगावर आले?

खादाड_बोका

अभिनंदन! आमच्या संसाराला वीस वर्षे झाली. दोन्ही धर्मांचे उपवास बायको करते आणि दोन्ही धर्मांची पक्वान्ने मी खातो. आजवर कोणतीही धार्मिक तेढ निर्माण झालेली नाही.

पंचगंगेकाठची

आमचे लग्न 1999 मधले, कोल्हापुरातले, नोंदणी पद्धतीचे. नवरा मुसलमान, मी वारकरी घरातली. सणांची वाटणी सोपी गेली असे तुम्ही लिहिले आहे, पण तिच्यावर फार विसंबू नका, कारण तिथी आणि चंद्र आपले करार पाळत नाहीत. 2023 साली आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी, 29 जूनला आली. अनेक गावांतल्या मुस्लिम समाजाने त्या दिवशी कुर्बानी न देण्याचा निर्णय घेतल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या असतील. आमच्या घरात त्याचे रूप असे होते की नणंदेने आमच्या वाट्याचे मटण डब्यात भरून स्वतःच्याच फ्रीजमध्ये ठेवले आणि द्वादशीला माझा उपवास सुटल्यानंतर संध्याकाळी मुलाच्या हाती पाठवले. मी तिला तसे कधी सांगितले नव्हते आणि तिनेही नंतर ते कधी बोलून दाखवले नाही. असल्या गोष्टी कोणत्याही यादीत बसत नाहीत.

यादीत बसल्या असत्या त्या गोष्टी मात्र आम्ही सोडून दिल्या. मुलाच्या सुंतेविषयी आम्ही लग्नाआधी चकार शब्द काढला नव्हता. तो दीड वर्षाचा झाल्यावर सासूबाईंनी सहज विचारले, नवऱ्याने सहज ‘हो’ म्हटले, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ते ऐकले. शेवटी डॉक्टरांकडे रीतसर झाले, मूल दोन दिवसांत खेळायला लागले, पण माझी आई महिनाभर आमच्याकडे आली नाही आणि मी नवऱ्याशी त्याहून जास्त काळ तुटक वागले. माझा राग सुंतेवर नव्हता, न विचारण्यावर होता.

दुसरी गोष्ट मृत्यूची. तीन वर्षांपूर्वी माझी शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा आदल्या रात्री मी पहिल्यांदा विचारले की मी गेले तर माझे काय करणार आहात. मी धर्म बदललेला नाही, त्यामुळे त्यांच्या कब्रस्तानात मला जागा मिळणे कठीण. आणि मला अग्नी द्यायचा तर तो द्यायला मुलाचा हात धजेल का, याची नवऱ्याला खात्री नव्हती. त्या रात्री आम्ही दोघे पुष्कळ रडलो. बरी झाल्यावर मी देहदानाचा अर्ज भरला. त्याला स्वतःसाठी ते मान्य नाही; त्याला त्याच्या वडिलांशेजारची माती हवी आहे. म्हणजे चोवीस वर्षे एका पत्त्यावर राहून शेवटचे पत्ते वेगळे, हे आम्ही कबूल केले आहे. कबूल केले म्हणजे बोचत नाही असे नाही.

सदाफुली

पंचगंगेकाठची, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मुलाचे नाव काय ठेवले हे विचारणे आगाऊपणाचे होईल का?

पंचगंगेकाठची

मुळीच नाही. समीर.

खादाड_बोका

वाटलेच. माझ्या ओळखीच्या आंतरधर्मीय घरांत आता चार समीर झाले. दोन्ही आज्यांना उच्चारता येईल आणि दोन्ही आजोबांना आपले वाटेल असे नाव शोधत सगळे तेथेच येऊन थांबतात.

नोटीसफलक

मी वकील आहे आणि माझ्याकडे अशी जोडपी येतात ती बहुधा लग्न झाल्यावर येतात, म्हणून मोगरावेल यांनी आधी विचारले याचा आनंद वाटला. धार्मिक बाबतीत मी बोलणार नाही. परंतु कोणत्या कायद्याखाली लग्न लावले यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते आणि ते सहसा कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे हिंदू विवाह कायदा येथे लागू होत नाही. तो दोघेही हिंदू (त्यात बौद्ध, जैन व शीख आले) असतील तरच चालतो. एक जण ख्रिस्ती असताना केवळ सप्तपदी करून ते लग्न त्या कायद्याखाली वैध ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये आंध्रातल्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. मुलाने देवळात हार घातला, फोटो काढले, आणि दहा वर्षांनी पोटगीची वेळ आल्यावर ‘हे लग्नच नव्हे’ असा बचाव घेतला, अशी उदाहरणे घडतात.

याउलट 1872 चा ख्रिस्ती विवाह कायदा दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी पुरतो. म्हणजे चर्चमधले लग्न हा तुमच्या बाबतीत केवळ आशीर्वादाचा समारंभ नसून तो कायद्यानेही विवाहच आहे. तिसरा मार्ग 1954 च्या विशेष विवाह कायद्याचा. त्यात एकाने तरी त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान 30 दिवस वास्तव्य केलेले असावे, नोटीस द्यावी, ती कार्यालयात लागते, 30 दिवसांत कोणाचा कायदेशीर आक्षेप आला नाही तर तीन साक्षीदारांसमोर लग्न लागते. ‘मुलगी आमच्या धर्माची आहे’ हा कायदेशीर आक्षेप नव्हे. वय, आधीचा जोडीदार हयात असणे, निषिद्ध नाते, मानसिक असमर्थता, एवढेच आक्षेप चालतात. नोटीस लावणे जोडप्याच्या इच्छेवर ठेवावे असा निर्णय अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये दिला, परंतु आपल्याकडे तो गृहीत धरून चालू नये.

आता वारशाकडे या. विशेष विवाह कायद्याखाली, वेगवेगळ्या धर्मांच्या दोघांनी लग्न केले की त्यांच्या मालमत्तेला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्यात मृत्युपत्र न करता माणूस गेला आणि मागे पत्नी व मुले असली, तर एक तृतीयांश पत्नीला आणि दोन तृतीयांश मुलांना जाते. मृताच्या आईला काहीही मिळत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलाची आई पहिल्या वर्गातली वारस असते, येथे तसे नाही. पत्नी गेली तर पतीलाही हेच प्रमाण. याशिवाय हिंदू एकत्र कुटुंबातल्या व्यक्तीने असे लग्न केले की ती त्या कुटुंबातून विभक्त झाली असे कायदा मानतो. तिचा हिस्सा बुडत नाही, पण तो वेगळा पडतो. या दोन्ही गोष्टी वाईट नाहीत, केवळ अनपेक्षित आहेत. तेव्हा लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात दोघांनी मृत्युपत्र करावे.

बावखल

मी वसईचाच, कॅथलिक, आणि माझी पत्नी बौद्ध. मोगरावेल ताई, तुम्ही ज्या वचनाने गप्प झालात ते तुम्हाला द्यायचेच नाही. हे फादरांनी नीट सांगितले नसेल किंवा ‘वचन’ हा शब्द ऐकल्यावर पुढचे तुमच्या कानांवर पडले नसेल. आमच्या बाबतीत दुसरे घडले होते.

चर्चच्या नियमानुसार बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायला बिशपांची सूट लागते. ती देताना कॅथलिक बाजूने दोन गोष्टी सांगायच्या असतात : मी माझी श्रद्धा सोडणार नाही, आणि मुलांचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) व संगोपन कॅथलिक पद्धतीने व्हावे म्हणून माझ्या हातून होईल ते सारे करीन. दुसऱ्या बाजूला या वचनाची फक्त कल्पना दिली जाते. पूर्वी ख्रिस्ती नसलेल्या जोडीदाराकडूनही हमी घेत असत. 1970 मध्ये पोप सहावे पॉल यांनी ती अट काढून टाकली. ‘हातून होईल ते’ या शब्दांचा अर्थ ‘काहीही करून’ असा नाही. आमच्या फादरांनी तो समजावताना म्हटले होते की यात संसार मोडणे येत नाही.

लग्नही मिस्साविना होऊ शकते. वाचने, उपदेश, वचने, अंगठ्या, आशीर्वाद, एवढाच विधी. ख्रिस्तप्रसादाच्या (कम्युनियनच्या) वेळी अर्धे वऱ्हाड बसून राहते आणि अर्धे उठते तो अवघडलेला प्रसंगही टळतो. मात्र एक अडचण तुमच्या घरी येईल. चर्चमध्ये विवाहाची संमती दिल्यावर त्याच लग्नासाठी दुसरा धार्मिक विवाहविधी, आधी किंवा नंतर, चर्चला चालत नाही. हळद चालते, ती आमच्याकडेही असते. सप्तपदीचा प्रश्न येईल, तो आताच बोलून घ्या.

रेवती_न

बावखल यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, तरी मला त्यात एक सफाईदारपणा जाणवतो. सही मुलीची नसेल, मान्य. पण नवऱ्याने ‘हातून होईल ते सारे करीन’ असे देवासमोर सांगितले आहे हे ठाऊक असलेल्या बायकोने पुढे विरोध केला, तर ती नवऱ्याचा शब्द मोडणारी ठरते. भार तिच्याकडेच येतो, फक्त कागदावर दिसत नाही.

आणि खादाड_बोका यांचा विनोद या धाग्यातला सर्वांत खरा प्रतिसाद आहे, असे मी गंभीरपणे म्हणते. ‘आमच्याकडे दोन्ही धर्म पाळतात’ असे ज्या घरांत म्हणतात तेथे दोन्ही धर्म कोण पाळते ते पाहावे. गौरींच्या सोळा भाज्या कोण चिरते, रमजानमध्ये पहाटे साडेतीनला उठून सहरीचे कोण गरम करते, नाताळच्या करंज्या मध्यरात्रीपर्यंत कोण तळते? माझी मोठी बहीण गेली अठरा वर्षे दोन पंचांगांनुसार स्वयंपाक करते आहे. भावोजी अत्यंत उदारमतवादी आहेत. त्यांच्या उदारपणाला भांडी घासावी लागत नाहीत.

खादाड_बोका

रेवती ताई, प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती हसली नाही. आज रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे आहे.

नगरवाला

आम्ही नगरचे ख्रिस्ती, मराठीच बोलणारे. हा प्रश्न आमच्या गावाला नवा नाही. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधली वर्षे लग्न तेच आणि धर्म दोन. त्यात ताटातूट झाली, समेट झाला, आणि नवऱ्याजवळ राहायला आल्यावरही बाईंनी आपले सोवळे आणि आपली चूल काही काळ सांभाळली. त्या आठवणी त्यांनी पुढे स्वतःच सांगितल्या आहेत. रेवती यांच्या मुद्द्याशी ते जोडून पाहावे : निर्णय टिळकांचा होता, वेगळ्या चुलीचे पाणी मात्र बाईंना भरावे लागले.

दस्तुरांचा_जावई

माझी पत्नी पारशी, मी दादरचा. 2006 मध्ये नोंदणी पद्धतीने लग्न झाले. धनसाक, पात्रा नी मच्छी, पतेतीच्या शुभेच्छा या विषयांवर आमच्यात कधीही मतभेद झाले नाहीत आणि होणार नाहीत.

सासरे गेले तो दिवस मात्र सांगतो. डुंगरवाडीवर, म्हणजे पारशांच्या अंत्यविधीच्या जागी, मी सकाळपासून होतो. फुले, टॅक्सी, येणाऱ्यांना पाणी, सगळे मीच पाहत होतो. धार्मिक विधी सुरू झाल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी अगदी हळू आवाजात मला बाहेरच्या मंडपात बसायला सांगितले. पारशी नसलेल्यांनी त्यानंतर मृताचा चेहरा पाहायचा नसतो. ज्या माणसाने मला सोळा वर्षे ‘दीकरा’ (मुला) म्हटले त्याला निरोप देताना मी चाळीस पावलांवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो होतो, आणि शेजारी त्यांचा चाळीस वर्षांचा मराठी ड्रायव्हर. आम्ही दोघांनी मिळून एक सिगारेट ओढली. नियम आधी माहीत नव्हता असे नाही. माहीत असणे आणि खुर्चीत बसणे यांत फरक आहे, एवढेच.

मुलीचा प्रश्न वेगळा. पारशी वडिलांची मुले समाजात घेतली जातात, पारशी आईची बहुतेक ठिकाणी नाहीत. याचे मूळ मुंबई उच्च न्यायालयाच्या 1908 मधल्या पेटिट विरुद्ध जीजीभाई खटल्याकडे दाखवले जाते. त्यामुळे आमच्या मुलीची नवजोत (पारशी धर्मदीक्षा) झाली नाही. पत्नीने स्वतःची कस्ती, म्हणजे कमरेचे पवित्र सूत्र, सोडलेली नाही. वलसाडच्या एका पारशी महिलेला हिंदूशी लग्न केल्यावरही आईवडिलांच्या अंत्यविधीला उपस्थित राहू देऊ, असे तिथल्या अंजुमनने (पारशी समाजसंस्थेने) डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात मान्य केले, तेव्हा पत्नीने ती बातमी कापून कपाटाच्या आत चिकटवली. वरळीच्या स्मशानभूमीत दहन करणाऱ्या पारशांसाठी 2015 पासून प्रार्थनागृह आहे. पत्नीने सांगून ठेवले आहे की तिला तेथे न्यावे, म्हणजे मला आत बसता येईल.

मलिदा

दस्तुरांचा_जावई, तुमच्या मुलीची आणि माझ्या मुलाची गंमत पाहा. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, माहेर अलिबागकडचे; नवरा सीकेपी. आमच्यात धर्म आईकडून येतो, त्यामुळे ज्यू परंपरेच्या हिशेबाने मुलगा ज्यू आहे. सासूबाईंच्या हिशेबाने तो वडिलांकडून सीकेपी आहे. तुमच्या लेकीला एकीकडे दार बंद, आमच्याकडे दोन्ही हजेरीपटांवर नाव. तो बारा वर्षांचा असताना एकाच वर्षी मुंजीची आणि पुढच्या वर्षीच्या बार मिट्झवाची (ज्यू मुलाच्या तेराव्या वर्षीच्या विधीची) बोलणी सुरू झाली, तेव्हा त्याने शांतपणे विचारले की दोन्हीकडे भेटवस्तू मिळणार असतील तर त्याची हरकत नाही.

शेवटी मुंज केली नाही आणि बार मिट्झवाही केला नाही. मलिदा केला. पोहे, गूळ, खोबरे, फळे, एलियाहू हनबीची (प्रेषित एलियाहूची) प्रार्थना. सासूबाईंनी ताटाला नमस्कार केला आणि म्हणाल्या, हे तर आमच्या प्रसादासारखेच. माझ्या आईला ते फारसे रुचले नाही. तिच्या मते ते सारखे नाही, आणि तिचे बरोबर आहे. दोन गोष्टी सारख्या आहेत असे म्हणून प्रश्न मिटतो असे पुष्कळांना वाटते. आमच्या घरात ‘हे वेगळे आहे, तरी मी बसते’ असे म्हणणारी माणसेच जास्त उपयोगी पडली.

काणकोणचो

गोव्यातले एक वाक्य जोडतो. आमच्याकडे कोणत्याही धर्माचे लग्न असले तरी नागरी निबंधकाकडे नोंद करावीच लागते, आणि वेगळा करारनामा आधी केला नाही तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरली जाते. करारनामा लग्नाआधीच व्हावा लागतो. माझी बायको कॅथलिक. तिच्या घरी मला रोस काढला, म्हणजे नारळाच्या दुधाने न्हाऊ घातले. आईने विचारले, हळदीला यांनी पांढरा रंग का दिला.

पाटणकर_काका

वाचत होतो, लिहावे की नाही या विचारात दोन दिवस गेले. येथे सगळे जोडप्यांच्या बाजूने लिहीत आहेत. मी दुसऱ्या बाजूचा आहे. माझ्या मुलीने 2011 मध्ये एका मुस्लिम मुलाशी लग्न केले. मी गेलो नाही आणि नंतर सहा वर्षे बोललो नाही. माझा विरोध लग्नाला होता असे लोकांना वाटते. तो नोंदणी पद्धतीने केले असते तर कदाचित एवढा राहिला नसता. तिने निकाह केला, धर्म बदलला, नाव बदलले, आणि ते मला तिच्या मैत्रिणीकडून कळले.

जावई चांगला आहे हे मी आता म्हणू शकतो. माझ्या हृदयविकाराच्या वेळी आठ रात्री तो खालच्या बाकावर झोपला. पण मुलीला मी अजून जुन्या नावानेच हाक मारतो. गेल्या दिवाळीत नातू म्हणाला, आजोबा, अम्मीचे नाव ते नाही. मुलगी त्याला म्हणाली, आजोबांसाठी आहे. यावर मी काही बोललो नाही, घास गिळला.

मोगरावेल, तुम्ही दोघे धर्म बदलत नाही आहात हे योग्य आहे. परंतु ‘विरोध ओसरला’ असे लिहिताना आईवडिलांशी एकदा बोला की तो ओसरला आहे की त्यांनी गिळला आहे. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात.

सदाफुली

काका, तुम्ही लिहिलेत हे बरे केलेत.

तर्कटराव

एवढी गुंतागुंत करण्यापेक्षा दोघांनी देव सोडावा हा उपाय कोणी सुचवला नाही याचे आश्चर्य वाटते. आमच्या घरी सत्यशोधक पद्धतीने लग्न झाले. जोतीरावांनी 1873 मध्येच मार्ग घालून दिला आहे. पुरोहित नाही, मुहूर्त नाही, भिंतीवर कोणतीही तसबीर नाही. मृत्यूबाबतही मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंचे उदाहरण आहे : 1977 मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे दहन झाले.

पंचगंगेकाठची

तर्कटराव, दलवाईंविषयी मला नितांत आदर आहे. पण त्यांची ती इच्छा होती. माझ्या नवऱ्याची तशी नाही, आणि मला एकादशी सोडायची नाही. ज्यांना श्रद्धा आहे त्यांनी ती सोडली की प्रश्न सुटतो, हे ‘एकाने धर्म बदलला की प्रश्न सुटतो’ यासारखेच आहे. फक्त दोघांनी बदलायचा.

तर्कटराव

मान्य करीत नाही, पण मुद्दा टोचला.

मोगरावेल

सर्वांचे आभार. मधल्या तीन आठवड्यांत काय झाले ते सांगते.

बावखल दादांचा प्रतिसाद आम्ही दोघांनी एकत्र वाचला आणि पुन्हा फादरांकडे गेलो. सही फक्त त्याची आहे हे खरे निघाले. मग रेवती ताईंचा प्रतिसाद मी त्याला वाचायला दिला. तो बराच वेळ गप्प होता आणि शेवटी म्हणाला की त्या बरोबर आहेत. त्याने फादरांना माझ्यासमोर विचारले की मुलाचा स्नानसंस्कार आईच्या संमतीशिवाय करणार नाही असे मी आज ठरवले असेल, तर मी हे वचन प्रामाणिकपणे देऊ शकतो का. फादर म्हणाले, तुझ्या हातून होईल ते, आणि तुझ्या हातात काय आहे हे तू तिला विचारूनच ठरवशील. आम्हाला ते पुरले. सगळ्यांना पुरेल असे नाही.

सप्तपदी होणार नाही. हे आईला सांगणे सर्वांत अवघड गेले. पाटणकर काकांचे वाचून मी बाबांना थेट विचारले की विरोध ओसरला की गिळला. ते म्हणाले, अर्धा-अर्धा. मग आईने मागितले ते एवढेच, की लग्नाआधी घरी देवक बसवू द्या आणि माझ्या हातून तुझी ओटी भरू द्या. त्याला अर्थातच हरकत नव्हती. अंत्यविधीचेही बोललो, दोघांनाही हसू येत होते, तरी बोललो. त्याला त्यांच्या चर्चच्या आवारातली जागा हवी आहे, मला दहन हवे आहे, आणि मागे राहील त्याने दुसऱ्याच्या इच्छेप्रमाणे करायचे, हे दोन ओळींत लिहून दोघांनी सही केली. मुलांचा धर्म ठरलेला नाही. ‘पुढचे पुढे’ हे एवढेच शिल्लक ठेवले आहे, आणि ते शिल्लक आहे हे दोघांना ठाऊक आहे.

विशेष विवाह कायद्याखाली 28 डिसेंबरला सकाळी नोंदणी, दुपारी चर्च. धावपळ नको म्हणून नोटीस ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात देऊन मोकळे होणार आहोत.

नोटीसफलक

थांबा! नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागले नाही तर ती रद्द होते आणि पुन्हा पहिल्यापासून 30 दिवस मोजावे लागतात. ऑगस्टची नोटीस नोव्हेंबरात संपेल. 28 डिसेंबरसाठी ती सप्टेंबरअखेरीनंतर आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याआधी द्या. मी ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सुचवीन, म्हणजे कागदपत्रांत त्रुटी निघाली तरी सवड राहील. वयाचे व वास्तव्याचे पुरावे दोघांचेही मूळ प्रतींसह न्या, आणि तीन साक्षीदार असे निवडा जे 28 तारखेला सकाळी खरोखर वेळेवर उठतील.

बावखल

नाताळनंतर तीन दिवसांनी, वसईत, सकाळी? साक्षीदार पुण्याहून आणा.

मोगरावेल

नोटीसफलक काका, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. ऑक्टोबरात देतो. साक्षीदारांपैकी एक माझी मावशी. तिचा काकडा चुकत नाही, त्यामुळे तिच्या उठण्याची काळजी नाही.